उजवी बाजू वर

३ ऑक्टोबर

पुन्हा तेच! सकाळी सातला फोन. "शिगेमात्सु सेन्सेईंचं घर ना?" आणखी एका शाळेला त्यांच्या हाताचा ठसा हवाय. ज्युदोचं सुवर्णपदक जिंकून चौपन्न वर्षं झाली, तरी या गावाचं समाधान होत नाही. ठसे, सह्या, त्यांच्या फेकीचं चित्र उमटवलेले गोड पाव! नूडल्सच्या दुकानात शिरले की गिऱ्हाइकं ताठ उभी राहतात, म्हणून त्यांनी जाणंच सोडलं. आता चौकात पुतळा.

मी त्यांची मुलगी, पण मीसुद्धा सेन्सेईच म्हणते, म्हणजे गुरुजी. सहा वर्षांची असताना त्यांच्या आखाड्यात चुकून 'बाबा' म्हटलं — सगळ्यांसमोर वीस उठाबशा. त्यानंतर घरातही तो शब्द तोंडातून निघाला नाही.

७ ऑक्टोबर

नगरपालिकेच्या निशिवाकींनी कापड बाजूला करून पुतळा दाखवला. माझं डोकंच फिरलं. ज्युदोच्या अंगरख्याची उजवी बाजू डावीच्या वर! तशी फक्त मढ्याला घालतात. शेंबडं पोरदेखील सांगेल. एक्क्याऐंशी वर्षांचा धडधाकट माणूस, आणि गावाने त्याला मढं करून उभं केलं!

निशिवाकी घाम पुसत म्हणाले, "मिसाओसान, धातू आहे तो. सोडून परत घालता येत नाही. आणि रविवारी महापौर येतायत."

८ ऑक्टोबर

निशिवाकींना चार फोन केले. "बघतो." काय बघतो, डोंबल!

९ ऑक्टोबर

सेन्सेईंना सांगितलेलं नाही. पाहतील तेव्हा जिवाला लागेल त्यांच्या. जेवताना मला म्हणाले, "तुझं तोंड का असं?" दाढ दुखतेय म्हटलं.

११ ऑक्टोबर

शेवटी शिल्पकार इसोगाईंच्या शेडवर जाऊन थडकले. वाटेल ते बोलले. बिचारे मान खाली घालून ऐकत होते. मग पुटपुटले, "एप्रिलमध्ये सेन्सेई इथे आले होते. पुतळ्याचा मातीचा नमुना अजून ओला होता. त्यांनी स्वतःच्या हाताने बाजू बदलली. म्हणाले, मुलीला सांगू नकोस, ती भांडेल."

भांडेल! मग काय आरती ओवाळू?

घरी आले तर सेन्सेई निवांत पर्सिमनचं फळ सोलत बसलेले. "का केलंत असं?" विचारलं.

"तो पदकवाला सेन्सेई कायम माझ्याआधी पोचतो," म्हणाले. "दुकानात, लग्नात, तुझ्या आईच्या अंत्ययात्रेतसुद्धा. लोक त्यालाच नमस्कार करत होते. आता मेला एकदाचा. राहू दे चौकात."

फोड पुढे केली. मी घेतली नाही. चार दिवस मी जीव जाळला, आणि यांनी मला एका शब्दाने विचारलं नाही.

१२ ऑक्टोबर

अनावरण झालं. कापड खाली आलं. महापौरांनी भाषणाचा कागद घडी करून खिशात टाकला. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी सवयीने हात जोडले. सेन्सेईंनीही जोडले, अगदी मनापासून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१३ ऑक्टोबर

सातला फोन. मी पोचायच्या आत त्यांनीच उचलला. "सेन्सेई? ते गेले. चौकात भेटतील. मी? मी मिसाओचा बाबा."

फोन ठेवून मला विचारलं, दुपारी नूडल्स खायला येतेस का. "येते, बाबा," म्हटलं. उठाबशा काढायला लावल्या नाहीत.