अस्तरातला पत्रा

धाकट्या,

इथे राष्ट्राध्यक्ष बदलतात, शपथेचा कोट तोच राहतो. पहिल्यांना छातीत गोळी लागली. कोटाचं भोक मी रफू केलं आणि दुसऱ्यांसाठी अस्तरात पोलादी पत्रा शिवला. त्यानं ते एकदा वाचले, पुढे रक्षकांनीच त्यांचा गळा आवळला. तिसऱ्यानं चौकात तुम्हा पोरांवर गोळ्या झाडायला लावल्या. तुझ्या शर्टाची सात भोकं रफू करायला माझा हात धजला नाही. हे पत्रही त्याच शर्टाच्या खिशात ठेवणार आहे.

उद्या तो पुन्हा शपथ घेणार, म्हणून आज कोटाची ट्रायल होती. छातीवर टिचकी मारून तो म्हणाला, "मास्तर, पत्रा आहे ना?"

"आहे की, साहेब."

टिचकीचा आवाज खणखणीत आला. बिस्किटांच्या डब्याचं झाकण आहे ते.

उद्या तो चौकातून जाईल. तुझे दोस्त छपरावर असतील. त्यांना बजावलंय, डोक्याच्या नादी लागू नका, छातीवरच नेम धरा.

तुझा,
दादा