आपोआप पडणारी कडी

२ फेब्रुवारी

घरमालकांनी जिन्यातच गाठलं. "मार्चअखेर खोल्या लागतील. मुलगा येतोय." अकरा वर्षांत भाडं एक दिवस चुकवलं नाही — आणि निरोप जिन्यात, हातात भाजीची पिशवी असताना.

शहरात घर घेणं मला झेपणारं नाही. आसपास तीन लहान गावं आहेत, तिथून लॅबला रोज बसने येता येईल. वीस वर्षांत साठवलंय तेवढ्यात बसवायचं. एकच घर, एकदाच. चुकून चालणार नाही.

६ फेब्रुवारी

जंक्शनच्या गावात दोन खोल्या पाहिल्या. तिसरा मजला, स्वयंपाकघरात दिवसाही दिवा लावावा लागतो. मालगाडी गेली की फळीवरची ताटं थरथरतात. एजंटच्या कमरेला चाव्यांचा भलामोठा जुडगा. माणसाआधी तो ऐकू येतो. मनात त्यांचं नाव चावीवाले ठेवलं. म्हणाले, "मॅडम, आठवड्यात सवय होते. मग गाडी लेट झाली तरच झोपमोड."

नळाचं पाणी बाटलीत भरून घेतलं. चावीवाले बघतच राहिले. लोक भिंतीवर टिचक्या मारतात, मी पाणी तपासते. पाणीपुरवठ्याच्या लॅबमध्ये दिवसभर दुसरं काय करते?

पाणी जड निघालं. आणि सरकारी रसायन स्वतःच्या कामाला वापरलं म्हणून साहेबांना सांगून टाकलं. "अहो, यात सांगण्यासारखं काय आहे?" म्हणाले. तरी रुखरुख राहिली.

९ फेब्रुवारी

धरणाखालचं गाव. निवृत्त नर्सबाईंचं बैठं घर. मागे लिंबाचं झाड, सकाळचं ऊन थेट ओट्यापर्यंत. बाईच सगळं सांगत होत्या. "हे दार पावसाळ्यात फुगतं हं. लाथ मारावी लागते. डाव्या पायाने मारा, उजव्याने लागत नाही नीट." किंमत जेमतेम आवाक्यात. पाणी इतकं चांगलं की विश्वास बसेना, दोनदा तपासलं.

"पुढच्या रविवारपर्यंत सांगा," म्हणाल्या. "तुमच्यासाठी थांबते."

१० फेब्रुवारी

चावीवाल्यांनी तिसरा पत्ता पाठवला. गिरणीच्या गावातला. वाचला आणि खुर्चीत बसले.

बाबांचं घर. दादा विकतोय.

११ फेब्रुवारी

सहा वर्षांत हे लिहिलं नव्हतं. आज लिहिते.

बाबा दवाखान्यात होते. दादा कॉरिडॉरमध्ये कागद घेऊन आला. "इथे सही कर. बँकेचं काम आहे, बाबांच्या उपचाराचं." मी केली. वाचलं नाही. मी! बाटलीवरचं लेबल तीनदा वाचणारी. ते हक्कसोडपत्र होतं. बाबा गेल्यावर कळलं. दादाला विचारलं, तर म्हणाला, "एकटीला काय करायचंय घर?" दोन खोकी पुस्तकं घेऊन निघाले, ती आजतागायत त्याच्याशी बोलले नाही.

मला ते घर पाहिजे. मातीमोल भावाने. नाव शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही. आणि नोंदणीच्या दिवशी टेबलावरून कागद मी पुढे सरकवणार. तो सही करायला खाली वाकेल आणि मान वर करेल तेव्हा समोर मी.

हा दिवस मी आज दहा वेळा पाहिला. दहाही वेळा गोड लागला.

१४ फेब्रुवारी

चावीवाल्यांबरोबर जाऊन आले. मी कोण हे त्यांना सांगितलेलं नाही. घर रिकामं, दादा-वहिनी दोन वर्षांपासून फ्लॅटमध्ये राहतात. सगळीकडे नवा रंग. वहिनीची निवड, आजारी गुलाबी.

मी मात्र हात न लावता एकेक सांगत गेले. पोटमाळ्याच्या जिन्याची तिसरी पायरी हलते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिरका पाऊस आत येतो. मोरीचा उतार उलटा. कोपऱ्यातल्या फरशीखाली पोकळी. चावीवाले प्रत्येक ठिकाणी पाय आपटून बघायचे आणि माझ्याकडे बघायचे. "काय नजर आहे, मॅडम! माझ्याकडे कामाला या."

घरी येऊन सहा उणिवांची यादी केली. सहाही खऱ्या आहेत. सूड घेतेय म्हणून खोटं लिहायचं नाही, हा माझा नियम.

१६ फेब्रुवारी

लॅबमधल्या मैत्रिणीला सांगितलं. चहा तसाच ठेवून म्हणाली, "तू घर शोधत्येस की भांडण?"

"दोन्ही एकाच पत्त्यावर मिळतंय," म्हटलं.

ती हसली नाही. "आणि नर्सबाईंचं घर? ते पाणी दोनदा तपासलंस ना?"

विषय बदलला.

१८ फेब्रुवारी

चावीवाल्यांचा फोन. यादी ऐकून दादा चिडला, मग नरमला. किंमत बरीच उतरवली. नर्सबाईंच्या घराहूनही खाली आलीय. वहिनी मागून ओरडत होती म्हणे — "कोण बाई आहे ती? घरात लपून बसली होती की काय!"

मी किती वर्षांनी मोठ्याने हसले.

रविवार होता. नर्सबाईंना नकार कळवला. "बरं हं," एवढंच म्हणाल्या. कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

२० फेब्रुवारी

सातवी उणीव लिहून पाठवली. "न्हाणीघराची बाहेरची कडी आपोआप पडते. आतला माणूस अडकतो."

कडी आपोआप पडत नाही. मी आठ वर्षांची असताना दादाने बाहेरून लावली आणि खेळायला गेला. दुपारभर आत होते. संध्याकाळी बाबांना म्हणाला, "कडी आपोआप पडली." बाबांनी मान्य केलं. आम्हां दोघांशिवाय खरं कुणाला ठाऊक नाही.

नियम मोडला. पण हे खोटं माझं नव्हे, त्याचंच त्याला परत केलं.

किंमत तर उतरलीच होती. घर हातात आलंच होतं. मग सातवी कशाला? लपून राहायचं ठरवणारी मीच ना? त्याला कळावं असं वाटत होतं का — त्याने सही करायच्या आधीच, रात्रंदिवस जाळत राहावं म्हणून? बहुतेक हेच.

२३ फेब्रुवारी

चावीवाले स्वतः लॅबवर आले. जुडगा वाजला नाही, हाताने धरून आले होते.

"मॅडम, सातवी वाचली आणि मालक एकदम हसले. मग म्हणाले, ही यादी लिहिणाऱ्या बाईला घर विकायचं नाही. कितीही दिले तरी नाही."

"का?"

"म्हणाले, मागच्या बाजूने पाया खचलाय. खालून गिरणीचा जुना नाला जातो. इंजिनिअरने राहू नका म्हणून सांगितलं, तेव्हाच त्यांनी घर सोडलं. म्हणाले, 'तिला त्यात झोपू देणार नाही.'" चावीवाल्यांनी जुडगा टेबलावर ठेवला. "तुमची ओळख आहे का हो?"

"नाही," म्हटलं. दुसरं खोटं.

२४ फेब्रुवारी

विश्वास ठेवला नाही. परत एक डाव — मला घरापासून लांब ठेवायचा. सुट्टी टाकून गेले. मागच्या भिंतीपाशी गुडघे टेकून नव्या गिलाव्याखाली बोटं घातली. हात मनगटापर्यंत आत गेला. आत गार, ओलं. गिरणीच्या सांडपाण्याचा वास मी झोपेतही ओळखेन.

खरं बोलला तो. त्या दिवशी मी जुन्या उणिवा मोजत फिरत होते, नवी दिसलीच नाही.

नर्सबाईंना फोन केला. त्यांचं घर परवाच गेलं. "दाराचं त्यांनाही सांगितलं हो मी," म्हणाल्या.

बसमध्ये दादाचा राग करून पाहिला. जमला, पण आधीसारखा नाही. याचाच जास्त राग आला. सहा वर्षं जपलेली गोष्ट एका वाक्यात खराब करून टाकली त्याने.

२७ फेब्रुवारी

जंक्शनच्या खोल्यांसाठी चावीवाल्यांना फोन केला. बोलता बोलता म्हणाले, गिरणीच्या घराला गिऱ्हाईक मिळालं. शिक्षक नवरा-बायको, सहा महिन्यांचं मूल. सोमवारी नोंदणी.

"पायाचं सांगितलंत त्यांना?"

"मालक नको म्हणालेत, मॅडम. तुमचं वेगळं होतं."

त्या गावात शाळा एकच. तिथून त्यांचा नंबर मिळवला. अर्धा तास फोन समोर ठेवून बसले. दादाने आयुष्यात एकदा माझ्यासाठी काही सोडलं, आणि मी त्याचंच घर बुडवायला निघालेय. यात सूड किती आणि मूल किती, ते वेगळं करता येईना. मग वेगळं करणं सोडलं.

शिक्षिकाबाईंनी उचलला. मागे बाळ रडत होतं. "कोण?"

"ज्यांचं घर घेताय ना," म्हटलं, "त्यांची बहीण बोलतेय."