विलायतेच्या राजाचं अळणी जेवण

आबा, तुमच्या विलायती गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. पेणच्या खाडीकडच्या मिठागरात उभा जन्म काढलेल्या माणसाला इंग्लंडचे राजे भेटले कुठे? विचारलं की तुम्ही इस्रायलला निघून गेलेल्या, इंग्रजी शिकलेल्या शेजारच्या ज्यू काकांकडे बोट दाखवायचात. ते काही साक्षीला येणार नव्हते. शिवाय प्रत्येक राजा नेमका तुमच्या सोयीनं यायचा. माझी भाकरी करपली, की गुराख्याच्या झोपडीत लपून भाकऱ्या करपवणारा आणि त्याच्या बायकोची बोलणी खाणारा राजा हजर. उधाणानं बांध फुटला, की समुद्राला 'मागे हो' म्हणत पाय भिजवून घेणारा राजा.

डॉक्टरांनी तुमचं मीठ तोडलं, तेव्हा मी सासरहून, रोह्याहून, माहेरी येऊन राहिले. जन्मभर मीठ पिकवलेल्या माणसापुढे मी अळणी आमटी ठेवायची आणि समोरून हलायचं नाही, कारण तुमची नजर जरा मिठाच्या बरणीच्या फळीकडे गेली की मला संशय यायचा. एका दुपारी घास तोंडात घोळवत तुम्ही म्हणालात, "ऐक गो, एका राजाला पोरीनं लग्नात आळनी जेवान वाढलं. राजा ढसाढसा रडला."

"रडू दे. मीठ मिळायचं नाय."

"आगो, पन त्याच्या आधी काय झालं त्ये तरी..."

"आधी जेवा."

तुम्ही जेवलात. गोष्ट राहिली. त्याच वर्षी तुम्ही गेलात.

परवा नातीनं तीच गोष्ट तिच्या इंग्रजी पुस्तकातून मला वाचून दाखवली, अगदी पहिल्यापासून. राजा मुलींना विचारतो, माझ्यावर माया किती? धाकटी म्हणते, जेवणाला मीठ लागतं तितकी. तो चिडून तिला घराबाहेर काढतो. पुढे तिच्याच लग्नात, ती आपली लेक आहे हे न ओळखता तो अळणी घास खातो आणि तिचं बोलणं त्याला कळतं. तो जेवणासाठी रडलाच नव्हता.

म्हणजे गोष्ट खरोखरच तिकडची होती. तरी माझा संशय जात नाही, उलट वाढलाय. तुम्हांला मीठ हवं होतं, की त्या राजासारखं आपल्या लेकीला विचारायचं होतं, माया किती? आपल्या घरात असलं सरळ कुणी विचारत नसे. मी वाट अडवून बसले होते, आणि काय अडवतेय ते मला ठाऊक नव्हतं. फार वाईट वाटतं, आबा.

हे पत्र कुठे धाडायचं नाही. धाडलं तर तुम्ही उत्तराला आणखी एखादा राजा पाठवाल. एवढंच सांगते, तुम्ही मीठच मागत होतात असं निघालं, तर मला बरं वाटेल.