वजन उतरवण्यात पहिली

दि. १४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींचा गुडघा कसा आहे? इथे सगळं ठीक. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पत्र लिहायला बसलेय.

बातमी अशी, की तुझ्या बहिणीचा पहिला नंबर आला. शाळेत कधी आला नाही, तो लाँड्रीत आला. आमच्या कंपनीने थंडीत 'निरोगी कर्मचारी' नावाची मोहीम काढली. बीपी, शुगरपायी लोकांच्या रजा फार होतात, असं साहेबांचं म्हणणं. नर्सबाई आल्या, वजनकाटा आला, भिंतीवर कागद लागले: 'भरपूर पाणी प्या, जिने चढा.' हॉस्पिटलच्या चादरींचे गठ्ठे घेऊन दिवसभर आम्ही दुसरं काय करतो? वर स्पर्धा ठेवली. वजन जास्त उतरवेल त्याला बक्षीस म्हणून चालायचे बूट.

माझं भराभर उतरलं. कपडे अंगावर लोंबायला लागले. बायका विचारायच्या, "काय खातेस गं?" मी हसून वेळ मारून न्यायचे. खरं तर मी पोटभर जेवत होते, दोन घास जास्तच.

तहान मात्र भागत नव्हती. पण इस्त्रीखात्यात वाफेपुढे उभं राहून कोणाला तहान लागत नाही? म्हणून मला काही वाटलं नाही.

खोटं कशाला लिहू? वाटत होतं. आई शेवटच्या वर्षी उशाशी पाण्याचा तांब्या घेऊन झोपायची, ते मी विसरले नव्हते. म्हणूनच सुरुवातीला सगळ्यांचं रक्त तपासलं तेव्हा मी कामाचं निमित्त काढून सटकले.

पंचाईत होती बाथरूमची. किल्ली मुकादमाच्या खिशात. आम्ही त्याला 'कुलूप' म्हणतो. "परत? आत्ताच तर जाऊन आलीस," असं तो चारचौघांत विचारायचा.

बक्षीस समारंभाच्या आदल्या दिवशी शेवटचं वजन झालं. नर्सबाई काट्याकडे बघेनात, माझ्या सुकलेल्या ओठांकडेच बघत राहिल्या. म्हणाल्या, "बोट द्या जरा." मशीनवरचा आकडा बघून त्यांनी दार लावून घेतलं. "हे वजन तुम्ही उतरवलेलं नाही, बाई. शुगर तुम्हाला आतून खातेय." त्याच संध्याकाळी त्या मला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. इन्सुलिन सुरू झालंय. घाबरू नकोस, पुढे वाच.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला स्टेजवर बोलावलं. नर्सबाईंना मी आधीच सांगून ठेवलं होतं, की मी स्वतःच बोलेन. साहेब म्हणाले, "यांच्या यशाचं रहस्य यांच्याच तोंडून ऐकू या."

मी माइक घेतला. "साहेब, मला डायबेटिस झालाय. वजन त्याने उतरलंय. शाबासकी द्यायची तर नर्सबाईंना द्या. आणि भिंतीवर 'पाणी प्या' लिहिता, तर बाथरूमची किल्ली मुकादमाच्या खिशात कशाला? जावं लागेल म्हणून निम्म्या बायका पाण्याला तोंडच लावत नाहीत."

"हा विषय आपण नंतर ऑफिसात बोलू."

"ऑफिसात मी एकटी असेन, साहेब. इथेच बोलू."

मी माइक सोडला नाही, ताई. तेवढ्यात मागून धुलाईखात्यातली म्हातारी उठली आणि म्हणाली, "ती खरं बोलतेय." मग एकेक करत सगळ्या उभ्या राहिल्या. शेवटी साहेबांनी मुकादमापुढे हात केला आणि त्याने मुकाट्याने किल्ली काढून दिली. त्या दाराला आता कुलूप नसतं. बक्षिसाचे बूट मी परत दिले नाहीत. वजन तर माझंच गेलंय.

नंतर मुकादम गोड बोलून सुचवायला आला, "आता घरी आराम कर." मी म्हटलं, "जेवणाची सुट्टी वेळेवर दे, काम मी करते." तुलाही तेच सांगते. पिशवी भरून मला न्यायला येऊ नकोस. आईने दुखणं लपवलं आणि अंथरूण धरलं. मी सुई स्वतःच्या हाताने टोचून घेते आणि कामावर जाते.

आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. गेल्या खेपेला तुझ्याकडे राहिले, तेव्हा तूही रात्रीतून सारखी उठत होतीस. पाण्यासाठी. मी जागीच होते, पण विचारायचा धीर झाला नाही. उद्याच जाऊन रक्त तपासून घे. भाऊजींचा गुडघा, लेकीची परीक्षा, यातलं काही मी ऐकणार नाही. नाही गेलीस, तर रजा टाकून येईन आणि हाताला धरून नेईन.

साहेबांना न भ्यालेली, पण तुझ्यासाठी भ्यालेली,
तुझी धाकटी