नातीचे ब्लॉक

सोमवार, २ मार्च
नातीने नोकरी सोडली! पंख्याखालची, खुर्चीतली. आता म्हणे लोकांच्या दारातल्या पेव्हर ब्लॉकना सीलर लावणार. म्हणजे पाणी मुरत नाही, तेलाचे डाग बसत नाहीत. तिच्या बापाचा, म्हणजे माझ्या लेकाचा, पारा चढला. "एवढी शिकलीस ती लोकांची अंगणं पुसायला?" शेवटी ठरलं – आधी आपल्याच फाटकापासून दारापर्यंत करून दाखवायचं. फसलं तर परत ऑफिस. मी तिच्या बाजूची. बोलले मात्र नाही.

गुरुवार, ५ मार्च
मशीनने सगळे ब्लॉक धुतले पोरीने. पायात गमबूट, तोंडाला मास्क – काय रुबाब! मी शेजारणीला मुद्दाम बोलावून दाखवलं. म्हणते कशी, "हात खराब होतील गं तिचे." म्हटलं, "होऊ देत. तुझ्या सुनेचे मोबाईल धरून होतात, आमच्या पोरीचे कामाने होतील." गेली चहा न घेताच.

शुक्रवार, ६ मार्च
ब्लॉकच्या सांध्यांत बारीक वाळू भरली. मी डब्यात पीठ ठोकून भरते ना, अगदी तश्शी.

शनिवार, ७ मार्च
सीलर लावला. दुपारी कसं झळकत होतं! आणि संध्याकाळी सगळ्यावर पांढरट साय. लेक म्हणाला, "झालं समाधान?" पोरीने वाकून सांधा कोरला. "आत ओल राहिलीय." वरून तर खडखडीत! पण मला ठाऊक – पहाटे लेकाने तिथेच गाडी धुतली. शनिवारी धुणारच, जग बुडो. मी तोंड उघडलं तर पोरीने हात दाबला. "आजी, ओल बघणं माझं काम होतं."
केवढी मोठी झाली गं!
पण मला कुठलं राहवतंय? जेवताना विचारलंच, "गाडी कुणी धुतली रे पहाटे?" घास तोंडातच राहिला त्याचा.

रविवार, ८ मार्च
पोरीने थिनर फिरवलं. साय विरघळून गेली. आता वाळू द्यायचं. लेक खिडकीतून बघत होता.

मंगळवार, १० मार्च
आज पुन्हा पातळ हात दिला सीलरचा. लाल ब्लॉक लाल, करडे करडे. साय नाही! उद्यापर्यंत पाय ठेवायचा नाही म्हणाली.

मंगळवारीच, दिवेलागणीला
लेक आला. गाडी लांब रस्त्यावर लावली, फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसलाय. येईल त्याला अडवतोय – "मागच्या दाराने जा. माझ्या लेकीचं काम वाळतंय."