ह्यांच्या यशातला माझा वाटा

मी, सौ. क्रांती विश्वजित इंगवले, वय ५८, राहणार फुलेवाडी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. कुणाच्या दबावाखाली नव्हे. रागात मात्र आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टर भाग्यश्री चौगुले यांचा दाखला सोबत जोडला आहे. सोमवारी माझ्या छातीचं ऑपरेशन आहे. माझ्या पतींचं त्या दिवशी साताऱ्यात शिबिर आहे.

१. माझे पती 'उत्पन्न वाढवा, पुढे जा' या विषयावर व्याख्यानं देतात. राहतं घर आपण स्वतःच्या तत्त्वांवर उभं केलं, असं ते मंचावरून सांगतात. घर माझ्या नावावर आहे. ते तळमजल्यावरच्या डंकावर, म्हणजे मिरची कांडायच्या यंत्रावर उभं राहिलं. उन्हाळाभर बायका चटणी कांडायला रांग लावतात, त्या पैशातून. कुणाला शंका असेल तर माझा एक्स-रे बघावा.

२. तत्त्वांविषयी. पहाटे पाचला उठा, असं ते सांगतात. स्वतः उठतात हे खरं. त्याआधी उठून चहा मी ठेवते. उत्पन्नाचे दोन मार्ग ठेवा, असंही सांगतात. आमच्याकडे दोन होते. डंक माझा, आणि वरच्या खोल्यांचं भाडंही मीच वसूल करायची.

पण 'नकारात्मक माणसांपासून लांब राहा' या तत्त्वाला उदाहरण म्हणून मी आहे, हे मला या दिवाळीपर्यंत ठाऊक नव्हतं. पहिल्यांदाच भाषण ऐकायला गेले, मागं बसले. "पतसंस्थेची नोकरी सोडली तेव्हा माझी बायको पाय धरून रडली," असं ते म्हणाले आणि सगळा हॉल हसला. ही गोष्ट धादांत खोटी आहे. नोकरीत ह्यांचा जीव रमत नव्हता, तेव्हा मीच म्हणाले होते, "सोडा की ती नोकरी. डंक हाय न्हवं? घराचं मी बघते." ते हसू माझ्या कानातून जात नाही.

३. घर आणि बँकेतली ठेव माझी मुलगी संयोगिता हिला द्यावी. वडिलांना घरात ठेवायचं की नाही, ते तिनं ठरवावं. माझा कसलाच आग्रह नाही.

४. डंक गडमुडशिंगीच्या चिमणाबाईंना द्यावा. इतकी वर्षं त्या माझ्याबरोबर राबल्या. चिमणाबाई, तोंडाला फडकं बांधल्याशिवाय मशीन सुरू करू नका.

५. पतींना काही नाही. कोट आणि ट्रॉफ्या त्यांच्याच आहेत.

६. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणाले. म्हणून डॉक्टरांबरोबर दुसरे साक्षीदार माझे पती. काल जेवताना विचारलं, तर म्हणाले, "सही कुठं करायची तेवढं बोट ठेवून दाखीव. सकाळी गाडी येतीया." तरीही मी हे कागद त्यांच्या हातात देणार आहे आणि वाचून सही करा म्हणणार आहे. त्यांनी वाचावं, माझ्याशी भांडावं, निदान "क्रांती, हे काय गं?" एवढं तरी विचारावं, असं मला अजून वाटतं. विचारलं तर हे सगळं मी त्यांच्यासमोर फाडून टाकीन.

ठिकाण: फुलेवाडी, कोल्हापूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार: सौ. क्रांती विश्वजित इंगवले (सही)

साक्षीदार १: डॉ. भाग्यश्री चौगुले (सही)

साक्षीदार २: विश्वजित इंगवले (सही)
मोठी स्वप्नं बघा! ऑल द बेस्ट!