बुद्धी अकरा असलेला जादूगार

कळंब,
दिवाळीनंतरचा आठवडा, २००६

जिवलग कय्युम यास वामनचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही.

डोळ्यावरची पट्टी निघाली का? नसेल तर हे पत्र हलीमाकडून वाचून घे, आणि लेकीसमोर फार हसू नकोस, टाके ताणतील. पुसदची हवा मानवते ना? इकडे सगळे बरे. (कापसाचे विचारू नकोस. खरेदी पुन्हा बंद आहे आणि रांगेतले बैलसुद्धा कंटाळले आहेत.)

तर, मी जादूगार झालो. नात अर्पिता पुण्याच्या वसतिगृहातून एक खेळ घेऊन आली आहे. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचे आणि ती सांगेल त्या जंगलातून मनाने हिंडायचे. तुझा नातू परवेज तलवारबहाद्दर, शेजारची जया चोर. मी शाळेत खिडकीशी बसून दुसरे काय केले? लगेच तयार झालो. तीन फासे टाकून बुद्धी ठरते. माझी अकरा आली. तीन फाशांची सरासरी साडेदहा, म्हणजे मी सरासरीच्या वर! (गणितात हे कधी घडले नव्हते. मी पेढे वाटले.)

पहिल्याच पुलावर राक्षस आडवे आले. त्यांना निजवायचा मंत्र मला येत होता. अर्पिता म्हणे, नुसते ‘मंत्र टाकला’ म्हणा. पण आपल्या गुरुजींनी कविता अर्ध्यात सोडू दिली होती का कधी? मी डोळे मिटून चौथीतली नदीची कविता चालीवर म्हटली, सगळी कडवी. (काय कविता होती रे! अजूनही म्हणताना कौलांतला कवडसा पाटीवर हलतो.) डोळे उघडले तर राक्षस जागे, आणि परवेज फासे टाकायला ठेवलेल्या कॅरमबोर्डवर डोके ठेवून घोरतो आहे. राक्षसांनी त्याची तलवार नेली.

"आबाजी, तुम्ही मलेच निजवून राह्यले! अकरात कुठं मंत्र लागते का?"

"सरासरीच्या वर आहे मी," असे मी ठणकावले. त्यावर अर्पिता जे बोलली ते ऐकायला तू हवा होतास.

"आबाजी, बाजारातल्या कापसाची सरासरी वावरातल्या बोंडांवरून काढता काय? किडक्या बोंडांची डागी कवडी तर घरीच वेगळी करता. तसंच हे. ज्याले मंत्र जमत नाही तो जादूगार व्हाले जाईनच कायले? माणसाची सरासरी साडेदहा असन, जादूगाराची पंधरा!"

कय्युम, एवढीशी पोरगी, आणि बोलणे कसे झऱ्यासारखे! मी ऐकतच राहिलो. पण निकाल असा की मला जादूगार ठेवायचे की टोळीचा स्वयंपाकी करायचे, यावर रविवारी मतदान आहे. या वयात कोणी मला चालीवर कविता म्हणायला सांगत नाही रे. हा एकच धंदा आहे ज्यात ती कामाला येते.

तुझाच,
वामन

ता. क. – पत्राचे खरे कारण हे. मते तीनच: परवेज, जया आणि मी. अर्पिता खेळ चालवते, तिला मत नाही. जया पक्की विरोधात आहे. तू आजोबा या नात्याने परवेजला एक फोन कर.

आणखी ता. क. – फोन नको. पत्र पेटीत टाकायचे राहिले आणि रविवार होऊन गेला. परवेज आपणहून माझ्या बाजूने होता, झोप छान लागली म्हणे. पण मतदानाआधी अर्पिता पुन्हा बोलायला उभी राहिली, आणि इतके सुंदर बोलली की विरोधात पहिला हात माझाच वर गेला.